वन्संची रिक्रूट

वन्सं, तुमचं सुतक अजून फिटलेलं नाही. देवापुढे दिवा लावायचा नाही, कोणाच्या शुभकार्याला जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, अशी सगळी बंधनं सध्या आपल्या घरात आहेत. लिहायला बसू नये असं मात्र कोणी सांगितलेलं नाही, म्हणून बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बसला कारकुनाचा चेडू कागद घेवन." म्हणा. आज ही कारकुनाची मुलगी ऐकून घेणार आहे.

आधी फोटोचं सांगते. तुमचा धड एक फोटो सापडेना. लग्नकार्यात कॅमेरा समोर आला की तुम्ही कुणाच्या तरी पाठीमागे किंवा पंक्तीत वाढायला. शेवटी तो कबड्डीतला निघाला. परळच्या संघाची जर्सी, कपाळावर चिकटलेल्या बटा, आवळलेले दात. फोटोवाल्याने खांद्याखाली कापून तो चौकटीत बसवला. भेटायला येणारे हात जोडतात आणि म्हणतात, "काय निश्चय आहे चेहऱ्यावर!" चौकटीबाहेर तुमच्या मुठीत समोरच्या संघातल्या एका पोरीचा घोटा आहे, हे फक्त आपल्या घरच्यांना माहीत. तुमचा बाळ, म्हणजे माझे पन्नाशी उलटलेले यजमान, फोटोकडे बघून रडता रडता त्या आठवणीने हसतात आणि मग पुन्हा रडतात.

आपण नणंद-भावजय. तुम्ही थोरल्या, लग्न न केलेल्या, खेळाच्या कोट्यातून रेल्वेच्या कचेरीत लागलेल्या आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्या चाळीच्या आधी उठणाऱ्या. मी ठाकूरद्वारच्या वाडीतली. आमच्याकडे बापापासून भावापर्यंत सगळे टेबलाशी बसून पगार घेणारे. धावायचं ते ऑफिसला उशीर झाला तरच. चिंचपोकळीच्या या दोन खोल्यांत तुमचं नि माझं पटणार नाही, असं दोन्हीकडच्या लोकांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. पटलं नाहीच म्हणा. पण इतकी वर्षं न पटून राहणं हेही एक पटणंच असतं, हे मला तुमच्यामागे कळतंय.

तुमच्या भाचीने, माझ्या प्राचीने, बारावीनंतर एक दिवस जेवताना सांगितलं की सैन्यातल्या पोलिसांत मुलींची भरती असते आणि तिला त्यात जायचंय. यांनी घास खाली ठेवला. मी विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि तुम्ही विचारलंत, "उंची किती लागता?" लगेच उठून तिला दाराच्या चौकटीशी उभी केलीत आणि डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने खूण केलीत. उंची भरत होती. तुमचा आनंद असा की जणू ती तुम्ही स्वतः वाढवली होती. त्या क्षणापासून घरात दोन पक्ष झाले आणि यांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उघडलं.

माझं म्हणणं साधं होतं. ही भरती चार वर्षांची. त्यातल्या थोड्यांना पुढे ठेवतात, बाकीच्यांनी घरी यायचं. मग चार वर्षांनी काय? बरोबरीच्या मुली तोवर पदवी घेऊन कुठेतरी चिकटलेल्या असणार आणि ही पुन्हा पहिल्या पायरीवर. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा भाजी निवडताना रडूनही सांगितलं. तुम्ही दर वेळी हसलात. "बगूया गो," एवढंच उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग तयारी सुरू झाली. सकाळी तुम्ही तिला परळच्या मैदानावर न्यायचात. ती धावायची आणि तुम्ही मधोमध उभ्या राहून गोल फिरत ओरडायचात. पहिल्या आठवड्यात ती लंगडत घरी आली, तर तुम्ही मलाच म्हणालात, "तेल गरम कर." विरोधी पक्षाच्या हाताने तेल चोळून घेणाऱ्या तुम्हीच.

सपाट पाय असले तर वैद्यकीय तपासणीत काढतात, असं कुठूनसं ऐकून आलात आणि तिचे पाय बादलीत बुचकळून तिला गॅलरीतल्या फरशीवर चालवलंत. तळव्याची खूण मधे कोरली गेली पाहिजे म्हणे. गेली. मग शेजारच्या सावंतकाकूंनी आपले पाय भिजवले, त्यांच्या सुनेने भिजवले, वरच्या मजल्यावरचे दोघं निवृत्त गृहस्थ खाली आले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गॅलरीत ओल्या पावलांची जत्रा. सावंतकाकू सपाट निघाल्या आणि "म्हणजे मी सैन्यात नाही ना जाऊ शकणार?" म्हणून खरोखर हिरमुसल्या.

मासे बंद केलेत, हे मात्र मी कधी विसरणार नाही. तिकडे मेसमध्ये काय बांगडे तळून देणार आहेत का, पोळी आणि डाळ खायची सवय पाहिजे, भातावर वाढलेलं कोकणातलं पोर तिकडे उपाशी मरेल, असं तुमचं म्हणणं. पोरीला एकटीला शिक्षा नको म्हणून घरातच भात आणि मासे बंद. मालवणी घरात दुधीची भाजी आणि पोळी, तीही रविवारी! यांनी दोनदा ऑफिसचं काम निघालं सांगून लालबागच्या खानावळीत जेवण उरकलं. मी शाकाहारी माहेरातली, मला फरक पडत नव्हता. आणि मग सावंतकाकूंकडे वाटी परत द्यायला गेले, तर त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर तुम्ही. ताटात भात, बांगड्याचं तिखलं आणि काट्यांचा ढीग. माझ्याकडे बघून तुम्ही जराही ओशाळला नाहीत. म्हणालात, "माका खय भरती होवचा हा?" वन्सं, त्या दिवशी मी घरी येऊन इतकी हसले की प्राचीने घाबरून पाणी आणून दिलं.

या सगळ्यात माझा एकच सहभाग होता, हिंदीचा. प्राचीची हिंदी म्हणजे आपल्या नाक्यावरची. "मेरेको मालूम नै", "अपुन बोला ना". अशी उत्तरं दिली तर तिकडचे कवायत घेणारे उस्ताद तिला पहिल्याच दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावतील, असं तुम्हीच म्हणालात. पण तुमची हिंदी तिच्याहून भयंकर. तुम्ही गॅलरीत "पिच्छू मुड" म्हणून ओरडायचात. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, शुद्ध हिंदी तेवढी मी शिकवीन, बाकी माझा संबंध नाही. तुम्ही लगेच खुर्ची पुढे सरकवलीत. आता वाटतं, ते "पिच्छू" तुम्ही मुद्दाम तर म्हणत नव्हता? विचारायचं राहून गेलं.

भरतीच्या आदल्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालायचं पुरुषाने, पण तुमच्या बाळाला दोन वाक्यांत हुंदका आला आणि तो बाजूला झाला. मग तुम्ही पदर खोचून पुढे झालात. बाई गाऱ्हाणं घालते म्हणून गॅलरीत कुजबुज झाली, तीही तुमच्या आवाजापुढे विरली.

"बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू भरतीक चल्ला हा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"धावताना तेका दम दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"वाकडा-तिकडा काय असात ता सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी ठरवून गप्प उभी होते. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ते शब्द आता तोंडातून आपसूक निघतात. तिसऱ्या वेळी माझेही ओठ हलले. तुम्ही डोळे मिटलेले, पण तुम्हाला ते कसं कळलं देव जाणे. न थांबता तुम्ही पुढचं ठोकलंत, "आणि चेडवाच्या आवशीन आडव्यात येवचा नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्या आवशीचा, म्हणजे आईचा, माझाच होता.

गॅलरी हसून हसून वाकली. तुम्ही एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलंत आणि नारळ फोडलात. देवाशी बोलताना सुद्धा तुम्ही पकड सोडली नाहीत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण त्या दोन दिवसांत चहा मात्र तुमच्या आवडीचा, आलं जास्त घालून केला, हे तुम्ही ओळखलं असणार.

ती धावली, पास झाली, बोलावणं आलं. लालबागहून काळी ट्रंक आणलीत. पेंटरसमोर उभं राहून पांढऱ्या रंगात तिचं नाव घालून घेतलंत आणि ट्रंक डोक्यावर घेऊन स्वतः जिना चढून आलात. मी म्हटलं, "वन्सं, वय बघा." तुम्ही म्हणालात, "रिकामी हा गो." त्याच आठवड्यात तिची लांब वेणी कापायची ठरली. तिकडे केस विंचरण्यात वेळ जातो म्हणून. कात्री तुम्ही माझ्या हातात दिलीत. "तू वाढयलंस, तूच काप." मला तेव्हा तुमचा राग आला होता. आज त्याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते समजत नाही. ती वेणी दुसऱ्या कोणी कापली असती तर मी आयुष्यभर कुढत बसले असते.

आणि आपलं शेवटचं बोलणं. रात्रीची जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते. पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, "सगळं झालं, ती जाणार, मी आडवी येत नाही. पण वन्सं, आता तरी सांगा, चार वर्षांनी काय?" या वेळी तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे नीट बघितलंत. मग म्हणालात, "सांगतंय. उद्या सांगतंय. आता झोप येता." सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. चाळीत सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या तुम्ही. डॉक्टर म्हणाले झोपेतच, त्रास झाला नाही. आम्हाला जो झाला तो झाला.

वन्सं, हजर व्हायची तारीख नेमकी सुतकात आली. गावाहून चुलतदिरांचा फोन, "सुतकात चेडवाक भायर धाडू नकात, बरा नाय." तारीख पुढे ढकलून मिळण्यासारखी नव्हती, चुकली तर जागा गेली. आणि प्राची तुमच्या फोटोखाली बसून म्हणाली, "मी नाय जाणार. आत्या नाही तर कोणासाठी करायचं हे सगळं? सुतक पण आहे, काका बोलले ना."

बघा कसं आहे. दोन वर्षं मी जे मागत होते ते आपल्या पायांनी घरात चालत आलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले. एक अख्खा दिवस बसले. हे माझ्याकडे बघायचे आणि नजर वळवायचे.

संध्याकाळी सावंतकाकूंनी वरणभात आणून दिला. सुतकात घरात फोडणी नाही. प्राची रडत होती, पण ताट पुढे आल्यावर मान खाली घालून भराभर जेवली, पानात एक शीत ठेवलं नाही. उठून स्वतःचं ताट घासलं. माझं घासलं. बापाचं घासलं. मग चटई गुंडाळली, कडा जुळवून, घट्ट, तुम्ही शिकवली होतीत तशी, आणि भिंतीला सरळ लावली. हे सगळं रडता रडता. हिला पूर्वी स्वतःचा टॉवेल दोरीवर टाकायला चारदा सांगावं लागायचं. मी बघत राहिले. मला कळलं की ही इथे राहिली तरी आता माझ्या पूर्वीच्या प्राचीसारखी राहणार नाही. ही फक्त न गेलेली मुलगी म्हणून राहील, आणि त्या मुलीचं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

"ट्रंक काढ," मी म्हटलं.

"आई, प्लीज. तुला तर नकोच होतं ना मी गेलेलं?"

"नव्हतंच. ट्रंक काढ."

मग ती भडकली. माझीच, अगदी ताटात वाढल्यासारखी सगळी वाक्यं तिने मला परत दिली. बरोबरीच्या मुली पुढे जातील. मी पहिल्या पायरीवर येईन. "चार वर्षांनी काय गं? तूच विचारायचीस ना रोज? सांग आता, चार वर्षांनी काय?"

मला तुमच्यासारखं हसता येईना. तुमचं उत्तरही माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "चार वर्षांनी मी इथेच असेन. ठेवून घेतलं तर तिकडे राहा, नाही घेतलं तर हे दार आहे. पुढचं काय ते आपण दोघी बसून बघू. ती काळजी मी करीन, मला सवय आहे. तू आत्ता कपडे भर."

"आत्या पण असंच बोलली असती," ती म्हणाली.

मला नाही तसं वाटत. तुम्ही काहीतरी वेगळं सांगितलं असतंत, माझ्याहून चांगलं. त्या रात्री तुमच्या डोळ्यांत ते तयार होतं, मी पाहिलं. ते काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही, आणि ही रुखरुख माझ्याबरोबरच जाईल. पण माझं उत्तर मला सापडलं, ते तुम्ही ती जागा रिकामी ठेवून गेलात म्हणून.

काल तिला दादरला गाडीत बसवून आलो. निघताना ओवाळलं नाही, हातावर दही नाही, कपाळाला बोट लावलं नाही. मी म्हटलं, सुतक पाळायचं तेवढं पाळू, पण तिला थांबवणार नाही. ज्यांचं सुतक आहे त्यांनीच तिला तयार केलंय. यांनी ट्रंक उचलली आणि पहिल्यांदा या विषयावर तोंड उघडलं, "ताईने मला झोडपलं असतं, हिला ठेवली असती तर." फलाटावर आणखी मुली होत्या. कुणाच्या कपाळाला कुंकू-अक्षता, कुणाच्या हातात नारळ, कुणाची आजी व्हिडिओ कॉलवरूनच बोटं मोडून दृष्ट काढत होती. आपल्या पोरीचं कपाळ कोरं. कापलेल्या केसांत ती फार लहान दिसत होती.

गाडी लागली. हे ट्रंक आत ठेवायला गेले. प्राची माझ्याजवळ उभी होती, सरळ, हात बाजूला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय."

वन्सं, या दोन वर्षांत हे वाक्य तिने कोणापुढे उच्चारलं नव्हतं. तुमच्यापुढे घाबरायची सोय नव्हती. आणि माझ्यापुढे घाबरली असती तर मी लगेच "मग नको जाऊ" म्हटलं असतं, म्हणून मलाही कधी सांगितलं नाही. माझ्या पोरीने आपली भीती आणून माझ्या हातात दिली, आणि मी ती दारावर अडसर म्हणून लावणार नाही एवढा विश्वास तिला माझा वाटला. तुम्ही तिला धावायला शिकवलंत हे सगळे म्हणतात. मला काय शिकवलंत ते मला त्या फलाटावर कळलं. तुमचे आभार मानायला मी इकडेतिकडे बघितलं सुद्धा, इतकी सवय.

"मला पण वाटतेय," मी तिला म्हटलं. "चढ."

चढली, वन्सं.